जुन्या शेव्हरोले पिकअपसाठी गिअरबॉक्स निवडताना: हिशेब चाकापासून मांडावा

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात तयार झालेल्या शेव्हरोले सी-१० पिकअपचा गिअरबॉक्स निकामी झाला, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: या इंजिनाला कोणता गिअरबॉक्स बसेल? प्रश्न स्वाभाविक असला तरी अपुरा आहे. या ट्रकमधल्या ३५० घनइंचाच्या व्ही-८ इंजिनाला बोल्टने जोडता येतील असे गिअरबॉक्स भरपूर मिळतात. पण ते इंजिन, मागचा ॲक्सल, टायरचा आकार आणि ट्रकचे रोजचे काम या सगळ्यांशी जुळणारे त्यांतले दोन-तीनच निघतात. म्हणून निवड इंजिनापासून मागे न जाता मागच्या चाकापासून पुढे येत करावी, असे माझे ठाम मत आहे आणि हा लेख त्याच क्रमाने मांडला आहे.

आधी इतके पर्याय का आहेत, ते पाहू. इंजिनाच्या मागच्या तोंडावर जे घंटेच्या आकाराचे आवरण बसते त्याला बेल हाउसिंग म्हणतात, आणि ते ज्या बोल्टांनी बसते त्यांच्या भोकांची मांडणी हा इंजिन व गिअरबॉक्स यांच्यातला पहिला सांधा असतो. शेव्हरोलेने १९५५ साली २६५ घनइंचाचे छोटे व्ही-८ इंजिन बाजारात आणताना ठरवलेली ही मांडणी पुढे अनेक दशके जवळपास तशीच राहिली. त्यांची मोठी व्ही-८ इंजिने, ९० अंशांची व्ही-६ इंजिने आणि १९६२ पासूनची नव्या पिढीची सरळ सहा सिलिंडरची इंजिनेही त्याच मांडणीवर तयार झाली. त्यामुळे भंगारातल्या एका साध्या मोटारीचा गिअरबॉक्सदेखील सी-१०च्या इंजिनाला बसू शकतो. ही सोय मोठी आहे, पण त्याच सोयीमुळे लोक घाईने खरेदी करतात.

१९६९ पासूनच्या या ट्रकांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हवा असल्यास बहुधा तीन गिअरचा टर्बो-हायड्रामॅटिक ३५० मिळत असे. त्याचा तिसरा, म्हणजे टॉप गिअर १.०० गुणोत्तराचा असतो, म्हणजे इंजिन जितके फेरे घेते तितकेच प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणारा फिरता दांडा, घेतो. पुढे तेलटंचाई आली, १९७४ मध्ये संपूर्ण अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा लागू झाली, इंधन वाचवण्याचे कायदे झाले आणि जनरल मोटर्सने १९८१ मध्ये २००-४आर व १९८२ मध्ये ७००आर४ हे चार गिअरचे गिअरबॉक्स आणले. यांचा चौथा गिअर ओव्हरड्राइव्हचा असतो, म्हणजे त्यात शाफ्ट इंजिनापेक्षा जास्त फेरे घेतो आणि इंजिनाला विसावा मिळतो. ती वेगमर्यादा १९९५ मध्ये रद्द झाली आणि आज तिथल्या अनेक महामार्गांवर ताशी ७० ते ७५ मैलांनी वाहतूक चालते. पन्नास वर्षांपूर्वीचा ट्रक त्या वाहतुकीत चालवायचा तर ओव्हरड्राइव्ह हवासा वाटणे साहजिक आहे. तो आपल्या ट्रकला पेलेल का, हे मात्र मोजूनच ठरवावे लागते.

त्यासाठी आधी मागच्या ॲक्सलचे, म्हणजे ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चक्रांच्या जोडीचे गुणोत्तर समजले पाहिजे; चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फेरे घेतो, ते यावरून कळते. या मालिकेत ३.०७, ३.७३ आणि ४.११ ही गुणोत्तरे सर्रास आढळतात. ग्लोव्ह बॉक्समध्ये कारखान्याने चिकटवलेल्या पट्टीवर मूळ आकडा सापडू शकतो, पण इतक्या वर्षांत ॲक्सल बदललेला असण्याची शक्यता असल्याने प्रत्यक्ष मोजणेच बरे. पुढच्या चाकांना उटी, म्हणजे चाक अडवणारा ठोकळा, लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, मागचे एकच चाक जॅकने उचलून खाली भक्कम स्टँड द्यावा आणि दुसरे चाक जमिनीवरच राहू द्यावे. प्रोपेलर शाफ्टवर खडूने एक खूण करावी. मग उचललेले चाक हाताने बरोबर दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजावे. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो, त्यामुळे शाफ्टच्या फेऱ्यांची संख्या हेच गुणोत्तर असते. तीन फेऱ्यांहून किंचित जास्त भरले तर ३.०७, पावणेचारच्या आसपास भरले तर ३.७३ आणि चारहून थोडे जास्त भरले तर ४.११. ट्रकला लिमिटेड-स्लिप, म्हणजे दोन चाकांच्या फेऱ्यांतला फरक रोखणारा डिफरन्शियल असेल तर एक चाक जमिनीवर असताना दुसरे सहज फिरणार नाही; तेव्हा दोन्ही चाके उचलून ती एकत्र एकच फेरा फिरवावीत.

आता हिशेब करू. टायरचा बाहेरचा व्यास २८ इंच धरला तर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला ७२० फेरे घेते. ॲक्सल ३.७३ असेल तर शाफ्ट २,६८६ फेरे घेतो आणि टर्बो ३५०च्या टॉप गिअरमध्ये इंजिनाचेही जवळपास तितकेच होतात. इंजिनाचा जोर ऑइलमार्फत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सकडे पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरत असल्याने प्रत्यक्षात किंचित जास्तच. वेग ताशी ७० मैल केला की हा आकडा ३,१३३ वर जातो आणि केबिनमध्ये बोलणे ऐकू येईनासे होते. ७००आर४चा चौथा गिअर ०.७० गुणोत्तराचा आहे, त्यामुळे ताशी ६० मैलांना त्याच ट्रकचे इंजिन १,८८० फेऱ्यांवर येते. साध्या कॅमशाफ्टच्या ३५० इंजिनाला हे मानवते. मात्र ॲक्सल ३.०७ असेल तर त्याच चौथ्या गिअरमध्ये इंजिन १,५४७ फेऱ्यांवर उतरते. तिथे गाडी टॉपला ओढत नाही, थोडा चढ लागला की इंजिन गुदमरते, गिअरबॉक्स वारंवार तिसऱ्यात उतरतो व पुन्हा चौथ्यात चढतो, आणि ज्या इंधनबचतीसाठी एवढा खटाटोप केला ती हाती लागत नाही. ज्यांचा ॲक्सल ३.०७ आहे, त्यांनी एकतर टर्बो ३५०चीच दुरुस्ती करून घ्यावी किंवा ओव्हरड्राइव्हसोबत क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्चही सुरुवातीलाच धरावा. ४.११च्या ॲक्सलला मात्र ओव्हरड्राइव्हची खरी गरज असते. तिथे इंजिन २,९५९ फेऱ्यांवरून २,०७१ वर येते.

वेगाचा हिशेब ही निम्मी बाजू झाली. दुसरी बाजू जागेवरून गाडी उचलण्याची, आणि तिथे पहिला गिअर महत्त्वाचा. पहिल्या गिअरचे गुणोत्तर आणि ॲक्सलचे गुणोत्तर यांचा गुणाकार केला की चाकापर्यंत पोचणाऱ्या जोराची कल्पना येते. टर्बो ३५०चा पहिला गिअर २.५२ आहे, ३.७३ने गुणला की ९.४ येतो. ७००आर४चा पहिला गिअर ३.०६ असल्याने तिथे ११.४ येतो, म्हणजे इंजिनाला हात न लावता ट्रक चांगला पिकअप घेऊ लागतो. पण ३.०६ वरून दुसरा गिअर एकदम १.६३ वर येतो. ही उडी मोठी आहे आणि ओझे लादलेल्या ट्रकला ती चढावर जाणवते. २००-४आरची पायरी २.७४ व १.५७ अशी थोडी जवळची आहे आणि त्याचा चौथा गिअर ०.६७ इतका उंच आहे. नेहमी जड ट्रेलर ओढायचा असेल तर यांपैकी एकाच्याही भरवशावर राहू नये. अशा कामाला टर्बो ३५०चा दणकट भाऊ टर्बो ४०० किंवा त्याच घराण्यातला १९९१ साली आलेला ४एल८०ई हवा. ४एल८०ईला ०.७५चा ओव्हरड्राइव्ह आहे आणि तो खूप दणकट आहे. पण त्याचे गिअर संगणकावर चालतात, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या ट्रकमध्ये त्यासाठी स्वतंत्र कंट्रोलर आणि थ्रॉटलची स्थिती कळवणारा सेन्सर बसवावा लागतो.

हाताने गिअर टाकण्यात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी या ट्रकचा मूळचा चार गिअरचा एसएम४६५ हा अत्यंत भरवशाचा गिअरबॉक्स आहे. त्याचा पहिला गिअर ६.५५ आहे, ३.७३च्या ॲक्सलसोबत गुणाकार २४च्या वर जातो आणि लादलेला ट्रक क्लच न जाळता उभ्या चढावर हलतो. रिकामी गाडी तर थेट दुसऱ्या गिअरवर उचलतात. मात्र त्याचा टॉप १.०० असल्याने महामार्गावरची तक्रार कायम राहते. ओझे आणि महामार्ग दोन्ही साधायचे असतील तर पाच गिअरचा एनव्ही४५०० आहे: पहिला ५.६१, पाचवा ०.७३. तो जड आहे, महाग आहे आणि त्याचा शोध घ्यावा लागतो. तरीही खरोखर काम करणाऱ्या ट्रकसाठी मी त्यालाच पहिली पसंती देईन.

गिअरबॉक्स ठरला, की इंजिनाच्या सांध्याकडे वळावे, आणि इथे तपासण्या बारकाईने कराव्यात. ७००आर४ हे नाव पाहून खरेदी केलेला प्रत्येक गिअरबॉक्स छोट्या व्ही-८ला बसेलच असे नाही. १९८०च्या दशकातल्या लहान एस-१० पिकअपमध्ये २.८ लिटरचे ६० अंशांचे व्ही-६ इंजिन होते आणि त्याच्या मागे असलेल्या ७००आर४ची भोके वेगळ्या मांडणीची आहेत. पुढे त्याच एस-१०मध्ये आलेले ४.३ लिटरचे व्ही-६ मात्र ९० अंशांचे असल्याने त्याचा गिअरबॉक्स बसतो. टर्बो ३५० आणि टर्बो ४०० सुद्धा जनरल मोटर्सच्याच ब्यूक, ओल्डस्मोबिल व पाँटिॲक यांच्या इंजिनांसाठी वेगळ्या मांडणीत तयार झाले होते. २००-४आरच्या आवरणावर दोन्ही मांडण्यांची भोके असतात, त्यामुळे तिथे ही चिंता नाही. शक्य असेल तर ७००आर४ हा १९८७ किंवा त्यानंतरचा घ्यावा, कारण सुरुवातीच्या वर्षांतले दोष तोवर बरेचसे दूर झाले होते.

दुसरी तपासणी इंजिनाचीच. ट्रक १९७० सालचा असला तरी इंजिन त्याच सालचे असेल असे गृहीत धरू नये. शेव्हरोलेने १९८६ पासून छोट्या व्ही-८च्या क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील दोन तुकड्यांऐवजी एकसंध केले आणि त्यासोबत फ्लायव्हील बसवण्याच्या बोल्टांचे वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३.०० इंचांवर आणले. फ्लेक्सप्लेट म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असताना फ्लायव्हीलच्या जागी बसणारी पातळ दातेरी चकती; जुनी फ्लेक्सप्लेट नव्या क्रँकला बसत नाही आणि नवी जुन्याला बसत नाही. संतुलनही बदलले: जुन्या ३५० इंजिनाला संतुलित फ्लायव्हील चालते, तर एकसंध सीलच्या इंजिनाला आणि ४०० घनइंचाच्या इंजिनाला मुद्दाम एका बाजूला वजन ठेवलेले लागते. यात चूक झाली तर गाडी सुरू होते, चालतेही. पण कंप थांबत नाही आणि काही काळाने बेअरिंगांची वाट लागते. फ्लेक्सप्लेटचे आणखी दोन आकार आहेत, १५३ दात्यांचा आणि १६८ दात्यांचा. मोठ्या प्लेटच्या स्टार्टरचे दोन बोल्ट तिरपे असतात आणि लहान प्लेटच्या स्टार्टरचे एका रेषेत. म्हणून फ्लेक्सप्लेट, स्टार्टर आणि टॉर्क कन्व्हर्टर ही तिन्ही एकत्र ठरवावीत.

टॉर्क कन्व्हर्टर बसवण्याची पायरी मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण दुरुस्त केलेला गिअरबॉक्स पहिल्याच दिवशी फुटण्याचे हे नेहमीचे कारण आहे. कन्व्हर्टरच्या मागच्या नळीला खाचा असतात आणि त्या गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात अडकाव्या लागतात. गिअरबॉक्स खाली बाकावर असतानाच कन्व्हर्टर आत ढकलत हळूहळू फिरवावा. टप्प्याटप्प्याने तो आत घसरतो आणि प्रत्येक टप्प्याला हाताला ठक्क असे जाणवते. शेवटचा टप्पा पंपाचा असतो आणि नेमका तोच अनेकदा राहून जातो. गिअरबॉक्स इंजिनाला टेकल्यावर बेल हाउसिंगचे बोल्ट हाताने सहज फिरले पाहिजेत. ते पान्याने ओढून दरी मिटवावी लागत असेल तर तिथेच थांबावे, कारण कन्व्हर्टर पुरता आत गेलेला नाही आणि बोल्ट ओढल्यास पंप तुटेल. सगळे नीट बसल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट यांच्यामध्ये सुमारे ३ ते ५ मिलिमीटर मोकळी जागा दिसली पाहिजे आणि कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे. त्यानंतरच तो पुढे ओढून बोल्ट लावावेत.

७००आर४ आणि २००-४आर यांना आणखी एक नाजूक जोड आहे. कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते, तिला टीव्ही, म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह, केबल म्हणतात. टर्बो ३५०ला दिसायला तशीच केबल असते, पण ती फक्त ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडण्यापुरती. टीव्ही केबल मात्र गिअरबॉक्समधल्या ऑइलचा दाब ठरवते. पाय जसा दाबला जाईल तसा दाब वाढला पाहिजे. केबल सैल राहिली तर इंजिन जोर लावते, क्लचच्या चकत्यांवर मात्र दाब पुरेसा येत नाही, त्या घसरतात आणि जळतात. अशा बिघाडाला काही किलोमीटरही पुरतात. जनरल मोटर्सची मूळ केबल असेल तर इंजिन बंद ठेवून तिच्या टोकाची कळ दाबावी, सरकती नळी थ्रॉटलपासून मागे लोटावी, कळ सोडावी आणि थ्रॉटल पूर्ण उघडावा. नळी आपोआप टकटक करत योग्य जागी येते. पण बाजारातल्या कार्ब्युरेटरची लिव्हर मूळ लिव्हरपेक्षा वेगळ्या लांबीची असेल तर शेवटचे टोक जुळूनही मधल्या स्थितीतला दाब चुकतो. त्यासाठी त्या कार्ब्युरेटरची योग्य ब्रॅकेट घ्यावी आणि पहिली फेरी मारण्यापूर्वी गेज लावून दाब तपासून घ्यावा. या गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरला लॉकअपही, म्हणजे त्याचे घसरणे थांबवणारा क्लचही, असतो. तो विजेच्या इशाऱ्याने चालतो आणि ब्रेक दाबताच सुटला पाहिजे, म्हणून त्याची तार ब्रेकच्या स्विचमधून न्यावी. लॉकअप जोडायचा राहिला तर कन्व्हर्टर चौथ्या गिअरमध्ये सतत घसरतो आणि ऑइल तापते. बाहेरचा ऑइल कूलर तर मी प्रत्येकाला सुचवेन, विशेषतः ज्यांचा ट्रक मूळचा हाताच्या गिअरचा होता त्यांना, कारण त्यांच्या रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलसाठी सोयच नसते.

लांबीबद्दल बाजारात सरसकट एकच सांगितले जाते, की ७००आर४ घातला की शाफ्ट तीन इंच कापावा. हे अर्धेच खरे आहे. टर्बो ३५०ला मागे जी शेपटीसारखी नळी असते ती ६, ९ किंवा १२ इंचांची असते. ६ इंचांच्या नळीसह त्याची लांबी सुमारे २७.७ इंच भरते आणि ७००आर४ची सुमारे ३०.७५ इंच, तिथे तीन इंचांचा फरक खरा आहे. पण ट्रकमध्ये ९ इंचांची नळीही येत असे, तिच्यासह लांबी ३०.७ इंच होते आणि मग शाफ्टला हात लावण्याची गरज बहुधा पडत नाही. शाफ्ट कापून आणण्यापूर्वी गिअरबॉक्स जागेवर बसवून, ट्रक चाकांवर उभा ठेवून माप घ्यावे. या दोन्ही गिअरबॉक्सच्या मागच्या दांड्याला २७ स्प्लाइन, म्हणजे उभ्या खाचा, असल्याने त्यावर सरकून बसणारा शाफ्टचा पुढचा योक तोच चालतो; टर्बो ४०० आणि ४एल८०ईला ३२ स्प्लाइनचा जाड योक लागतो. माउंटिंगची जागा मात्र बदलते, तेव्हा गिअरबॉक्सला खालून आधार देणारा आडवा क्रॉस मेंबर मागे सरकवावा लागेल. तो सरकवताना गिअरबॉक्सचा उतार आणि ॲक्सलच्या पिनियनचा उतार एकमेकांना समांतर राहतील हे पाहावे. एका अंशाहून जास्त फरक पडला तर वेगात थरथर सुरू होते आणि जॉइंटचे क्रॉस लवकर खराब होतात.

हाताच्या गिअरबॉक्समध्ये कन्व्हर्टर व केबलची कटकट नाही, पण तिथे बेल हाउसिंगच्या मधल्या गोल भोकाचे माप जुळावे लागते. शेव्हरोलेच्या मोटारींमध्ये हे भोक ४.६८६ इंचांचे, तर ट्रकच्या जड गिअरबॉक्ससाठी ५.१२५ इंचांचे असते. भोक मोठे आणि गिअरबॉक्सची कडा लहान असेल तर सगळे बोल्ट लागूनही गिअरबॉक्स मध्यावर येत नाही. मध्य साधला आहे का हे डायल गेजने पाहतात आणि एकूण फरक ०.००५ इंचाच्या आत असावा लागतो. त्याहून जास्त असेल तर गिअर अडकत पडतो, गिअरबॉक्सच्या पुढच्या दांड्याला क्रँकशाफ्टमध्ये आधार देणारे पायलट बेअरिंग झिजते आणि दोष मात्र क्लचवर जातो.

हे सगळे १९५५ साली ठरलेल्या मांडणीच्या इंजिनांना लागू आहे. महाराष्ट्रात जपून ठेवलेल्या जुन्या शेव्हरोले ट्रकांची गोष्ट निराळी. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतल्या शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला आणि तो १९५४ पर्यंत चालला. त्या काळातले ट्रक सरळ सहा सिलिंडरच्या जुन्या इंजिनांचे. त्या इंजिनांची बेल हाउसिंगची मांडणी वेगळी असल्याने वर सांगितलेला कोणताही गिअरबॉक्स त्यांना थेट बसत नाही. अर्ध्या टनाच्या जुन्या पिकअपमध्ये तर प्रोपेलर शाफ्ट एका जाड नळीत बंद असतो आणि ती नळी ॲक्सलला पक्की जोडलेली असते, त्यामुळे गिअरबॉक्स बदलायचा म्हणजे मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. शिवाय २१६ घनइंचाच्या त्या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना आजच्यासारखे पूर्ण दाबाने ऑइल मिळत नाही, म्हणून ते दीर्घकाळ जास्त फेऱ्यांवर पळवण्यासाठी नाहीच. असा ट्रक ज्यांच्याकडे आहे त्यांनी मूळ गिअरबॉक्सच उघडून त्याची बेअरिंगे, सिंक्रोनायझर आणि सील बदलून घ्यावेत आणि काढलेला प्रत्येक मूळ सुटा भाग, झिजलेला असला तरी, नावाची चिठ्ठी लावून ठेवावा; पुढे एखाद्या लेथवाल्याकडून तसाच भाग करून घ्यायची वेळ आली तर नमुना म्हणून तोच हाताशी असेल.